भगवंतरावांचा नळ आणि माझे निखारे

माझ्या पोटात सध्या कांदे भरलेत, मित्रांनो, पण त्यावर जाऊ नका. मी पाणी तापवणारा तांब्याचा जुना बंब आहे. चिखलीच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि माझं आयुष्य सुलतानपूरला, भगवंतरावांच्या परसात गेलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. भगवंतरावांच्या लेकीला, कोकिळेला, पाहायला धाड गावचे पाहुणे येणार होते. जेवण रोडग्यांचं ठरलं. कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, म्हणून पंगतही परसातच. भगवंतरावांना भारी हौस! त्यांनी राखेच्या रेघा मारून बेत आखला. हौदापासून लोखंडी पाइप, त्याला नळ, नळाशेजारी मी, मांडवाच्या खांबाला गॅसबत्ती. रोडग्यांचा विस्तव मात्र खालच्या कोपऱ्यात, वारा लागू नये म्हणून.

त्यांची कारभारीण केसरबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "अहो, पाय धुतलेलं पाणी उताराले जाईन. रोडगे तिकडं काऊन ठेवता?"

"तुले काय समजते? आता नळ हाय. पाणी आपल्या हुकमात!"

पाहुणे आले. परसात नळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. जो तो सोडून बघे, पाय धुई, पुन्हा धुई. पाणी आपल्या वाटेनं गेलं. चर्र! विस्तव विझला, मांडवात धूर कोंडला. रोडगे अर्धे कच्चे आणि पाहुणे भुकेले. उपाशी उठलेले पाहुणे सोयरीक करतात थोडीच! भगवंतरावांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात कोकिळा घरातून धावत आली. ती दाखवायची मुलगी, अंगावर नवं लुगडं. तिनं पदर खोचला, चिमट्यानं माझ्या पोटातले बाभळीचे लाल निखारे घमेल्यात ओढले, उंचावर कोरड्या गोवऱ्या रचून त्यांत टाकले आणि वाचलेले रोडगे तिथं भाजायला घातले.

नवऱ्या मुलाची आई रुखमाबाई माझ्याजवळ तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"पोरी, अन् माह्यं गरम पाणी?"

"मावशी, पाणी थंडं होईन. पण तुम्ही उपाशी नाही जाणार."

रुखमाबाई खळखळून हसल्या. जेवण उशिरा झालं, पण पोटभर झालं. हात धुताना त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, आमी नळ पाहाले नव्हतो आलो. पोरगी पसंत हाय." मी तेव्हा गारठलो होतो, तरी मला फार आनंद झाला.

दुसऱ्याच दिवशी भगवंतरावांनी कुदळ घेतली. केसरबाईंनी बोट दाखवलं, तिथून त्यांनी मुकाट्यानं नाली खणली.

पुढे कोकिळा धाडला गेली, घरात स्टोव्ह आला आणि मी कांद्यांच्या वाट्याला आलो. मित्रांनो, कधी आठवण झाली तर मला चिंचेनं घासा आणि पाणी भरल्याशिवाय पेटवू नका. परसात काही बांधणार असाल, तर आधी घरातल्या बाईला विचारा. तिथं रोज पाणी तिनंच ओतलेलं असतं.