जिंकलेल्यापुढे नारळ

वामन मास्तरांनी पेपर माझ्यापुढे आपटला तेव्हाच कळलं, माझं काहीतरी गेलं.

"गुजरातेतले मिशनवाले सुप्रीम कोर्टात जिंकले," मास्तर म्हणाले. "ग्रँट देतो म्हणून सरकारला त्यांच्या ट्रेनिंग कॉलेजात आपली माणसं घुसवता येणार नाहीत. आता पालघरचं मिशन तरी कशाला ऐकतंय?"

ती घुसवलेली माणसं म्हणजे मी. सातवीच्या फायनलला चांगले मार्क पडले, म्हणून सरकारनं पालघरच्या मिशन कॉलेजात माझं नाव धाडलं होतं. बासष्ट साल होतं. गणपती उरकले की जायचं होतं. नवापुरात आमच्यातली एकही पोरगी तोवर मास्तरीण झाली नव्हती.

तीन दिवस माझा पाय घरात ठरला नाही. किनाऱ्यावर जा, परत ये, जाळं विणायला बस, सूत गुंतवून उठ. शेवटी आय वैतागली.

"जिकला कोन?"

"मिशनवाले."

"मंग त्यांच्याकडंच जायाचा."

आमच्या गावकीत रीतच तशी. निकाल लागला की हरलेल्यानं जिंकलेल्यापुढे नारळ ठेवायचा. जिंकलेल्याच्या मनात आलं, तर तो आपला हक्क सोडून देतो. पण सुप्रीम कोर्ट म्हणजे काय नवापूरची गावकी? मी कपाळावर हात मारला. आयनं नारळ घेतला आणि एसटी धरली. लाजेनं मी तिच्यापासून दोन बाकं लांब बसले.

कॉलेजच्या मोठ्या सिस्टरपुढे आयनं खरोखरच नारळ ठेवला. "तुमी जिकल्या, सरकार हरला. आता माज्या पोरीला घ्या."

सिस्टर हसल्या नाहीत. "सरकारनं जबरदस्ती करू नये, एवढंच कोर्टानं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणाला घेऊ नये, असं नाही सांगितलं. घेते मी हिला."

आय रडायलाच लागली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. "आधी माझे मार्क तरी बघा," मी म्हटलं. आयनं चिमटा काढला.

"मार्क सरकारनं बघितले असतील," सिस्टर म्हणाल्या. "मी तुझ्या आईकडे बघून घेतलं."

तिथं मी दोन वर्षं शिकले, मास्तरीण झाले. प्रार्थनेला बसलंच पाहिजे, असं मला कुणी एकदाही म्हटलं नाही. तरी मी रोज बसले, पहिल्या बाकावर. सरकारनं घुसवलं असतं, तर प्रार्थनेच्या वेळी खुशाल बाहेर राहिले असते.