तीस मिलिसेकंदांचा सत्कार

शहापूरच्या मंगल कार्यालयात भुपेंद्र सरांचा सत्कार चालला होता आणि मंचाच्या कडेला बसलेल्या डिंपलला एकूणएक माणसाची शिसारी येत होती. सरांना शाल पांघरवणाऱ्या अध्यक्षांना अणू आणि अणुबाँब यांतला फरक ठाऊक नव्हता. सर मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे लाजत होते.

ज्या यंत्रासाठी हा सत्कार होता, त्याची कल्पना सोपी होती. सगळ्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना, सारखाच धक्का द्यायचा. हलका आधी पोचतो, जड मागाहून, वेळ मोजली की वजन कळतं. अंतर वाढावं म्हणून दोन विद्युत आरशांमध्ये त्यांना शेकडो फेऱ्या मारायला लावायच्या. तीन वर्षं खपून यंत्र उभं केलं डिंपलने, भाषणं ठोकली सरांनी. नोव्हेंबरात ते कणांना वेग देणाऱ्या त्वरकाला जोडलं आणि जेमतेम तीस मिलिसेकंद जगणाऱ्या, कुणीच न तोललेल्या एका अणुकेंद्रकाचं शिखर पडद्यावरच्या आलेखात उगवलं. डिंपलची पीएचडी त्या एका शिखरावर उभी होती.

हे तिने घरी बापाला सांगितलं. भैयालाल तलावावरून येऊन जाळं झटकत होता.

"इतक्या लवकर मरते, तं ठेवून पाह्य नं घडीभर," तो म्हणाला. "खरं असन तं मरन."

तिला हसू आलं. तरी तिने नोंदी उघडल्या. एका चाचणीत आयन चुकून अर्धा सेकंद अडकून पडले होते. तेवढ्यात केंद्रकाचा मागमूस उरायला नको होता, पण शिखर जसंच्या तसं होतं. म्हणजे ते केंद्रक नव्हतंच. जवळपास तेवढ्याच वजनाचा कुठलातरी तेलकट रेणू होता, यंत्राच्या आतल्या मळातला.

"सत्कार होऊन जाऊ दे," तिने नोंदी दाखवल्यावर सर म्हणाले. "पेपर उद्या पाठवूनच टाकू."

मळ कुठला, तेही तिला माहीत होतं. दसऱ्याला सरांनी यंत्राची पूजा मांडली होती. बाहेरच्या डब्यावर हळदकुंकू फोटोत उठून दिसेना, म्हणून झाकण उघडायला लावलं. जिथे हातमोज्याशिवाय बोट टेकवायचं नाही, त्या आरशावर तेलात कालवलेल्या हळदीची बोटं ओढली गेली. मग स्पिरिटने पुसलं, की झालं. अडाण्यांचा बाजार नुसता.

"आता डिंपलताई दोन शब्द बोलतील," निवेदक म्हणाला.

ती उठली. माइक धरताना तिचं लक्ष स्वतःच्याच बोटांकडे गेलं. पूजेचं ताट सरांनी तिच्याच हाती दिलं होतं, लॅबची लक्ष्मी म्हणून. तिला सगळं कळत होतं, तरी तिने हळद लावली, वर फोटोसाठी हसलीही. इथे बसलेल्यांना निदान माहीत तरी नव्हतं. साऱ्या सभागृहात तिला सगळ्यात जास्त शिसारी आता स्वतःची आली.

"ते केंद्रक नाही. ती दसऱ्याची हळद आहे," ती म्हणाली. "आणि लावली मी."

कुणाला काही समजलं नाही. नम्रपणाच तो, असं वाटून लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. फक्त सर वाजवत नव्हते, आणि शेवटच्या रांगेत भैयालाल. पोरीच्या हातून आता काय गेलं, ते तिथे त्यालाच कळलं होतं.