हातोहात मिळालेली चिप

“हरिहरराव, नारळ फोडलाय. आता तुमच्या हातानं बटन दाबा,” भिमाजी अण्णा म्हणाले.

हरिहरने देवाचं नाव घेऊन स्वतः बनवलेल्या पॉवर सप्लायचं बटण दाबलं. मीटरची सुई शून्यावर थांबायला हवी होती. ती सरळ पंधरा व्होल्टला जाऊन टेकली. तो बटण बंद करेपर्यंत सप्लायला जोडलेले पाच व्होल्टचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळून वास शेडभर पसरला होता.

दुपारी पिंपरीच्या कंपनीचे साहेब, त्यांनीच पाठवलेल्या याच बोर्डांवर सप्लायची चाचणी बघायला येणार होते. ती पार पडली की ऑर्डर पक्की. तिच्या भरवशावर हरिहरने कायमची नोकरी सोडली होती, आणि अण्णांनी बैल विकून दिघीचा गोठा त्याला शेड म्हणून मोकळा करून दिला होता.

सप्लायचं व्होल्टेज आकडा देऊन कमीजास्त करायचं, तर आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप लागते. हरिहरपुढे दोन होत्या. एक चालू होताना आपणहून शून्यावर यायची, पण परदेशातून यायला तिला सहा महिने लागणार. दुसरी मुंबईच्या बाजारात हातोहात मिळत होती. तीही तितकीच अचूक. फक्त चालू होताना कुठला आकडा धरून उठेल याचा नेम नाही. बहुतेकदा शून्यच असायचा. हरिहरला घाई नडली, त्याने दुसरी घेतली. आधी सप्लाय चालू करायचा, आकडा शून्य करायचा, मगच बोर्ड जोडायचे, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आणि इतके दिवस पाळलाही.

पण खंडेनवमीला अण्णांनी सगळं जोडलेलं यंत्र हळदकुंकू वाहून पुजलं. पूजेतल्या हत्याराला मधे हात लावायचा नाही, म्हणून बोर्डांच्या वायरी तशाच राहिल्या. आज दसरा सरल्यावर काम सुरू करताना त्या सोडवायचं हरिहरच्या ध्यानातच आलं नाही. एवढा शिकलेला माणूस, पण नारळाच्या पाण्याबरोबर अक्कलही वाहून गेली!

“संपलं, अण्णा. मातेरं झालं सगळ्याचं.”

“लाइट कमीजास्त झाली म्हना की. हितं रोजच व्हतंय. कोन बघाया आलंय?”

हरिहर दुपारपर्यंत तेच वाक्य मनात घोकत बसला. घरी बायकोला, मृदुलाला काय सांगायचं, हा विचार मधूनच डोकं वर काढत होता.

साहेबांनी जळके बोर्ड उलटेपालटे करून पाहिले.

“लाइट कमीजास्त झाली,” हरिहर म्हणाला.

“होतं असं. गाडीत दुसरे बोर्ड आहेत, त्यांच्यावर चाचणी घेऊ.” साहेब भला माणूस होता. “एक मात्र सांगा. आमच्याकडे लाइट कधीही जाते-येते आणि बोर्ड जोडलेलेच असतात. चालेल ना?”

अण्णांचा चेहरा उजळला होता. ते हरिहरच्या तोंडाकडे आशेने बघत होते.

“नाही,” हरिहर म्हणाला. “तुमचे बोर्ड जळतील. हेही असेच जळलेत. मी चुकीची चिप निवडली. सहा महिने द्या, दुसरी मागवतो.”

“सहा महिने मी कुणाला थांबवू, राव?” साहेब हळहळून म्हणाले.

अण्णा त्यांना प्रसादाचं खोबरं द्यायला गाडीपर्यंत गेले. गाडी गेली तरी ते आत आले नाहीत.

हरिहरला ओरडून रडावंसं वाटत होतं. त्याने जळके बोर्ड सोडवले आणि उगाचच बटण दाबलं. सुई शून्यावर उभी राहिली. त्याने बंद करून परत दाबलं. परत शून्यच.