कनीज फुप्पीचं मीठ आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी डिशवॉशर आहे, म्हणजे भांडी धुणारी मशीन. जुनी म्हटलं म्हणून लगेच चुकचुकू नका. माझी एक कड चेपली आहे, बटणांवरची चित्रं बोटं लागून लागून पुसट झाली आहेत आणि दार उघडताना मी थोडीशी कुरकुरते, इतकंच. एकदा का पोटात पाणी शिरलं की मी अशी गुणगुणायला लागते की ऐकत राहावं! उस्मानपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, ओट्याखाली माझा मुक्काम आहे. पण तुम्हाला खोटं वाटेल, एके काळी माझा पाचोडला कोंबड्यांचा खुराडा होता होता राहिला. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माणसांनी पत्रा वाकवून माझं अंग घडवलं आणि आत चकचकीत स्टीलचं पोट बसवलं. पोटात भांडी ठेवायला जाळीचे दोन कप्पे दिले आणि पाण्याचे फवारे उडवत गरागरा फिरणारे दोन हात दिले. दाराच्या आतल्या बाजूला पावडरची छोटी डबी लावली. तळाशी एक गाळणी आणि तिच्या शेजारी झाकणाचा एक खड्डा. हा खड्डा मिठाचा. तेवढा लक्षात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य त्या खड्ड्यापाशी येऊन अडलं होतं.

मला घरी आणलं ते कमरोद्दीन यांनी. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांना माझी हौस नव्हती, काळजी होती ती बायकोच्या हातांची. बिल्किस हिमरूच्या, म्हणजे रेशमी नक्षीच्या विणीच्या, शालींना झालर वळायचं काम घरी बसून करते. रेशमाचे मोकळे धागे चिमटीत धरायचे, पीळ द्यायचा, गाठ मारायची. तिनं वळलेली झालर अशी पडते की जणू शालीनंच केस विंचरून सोडलेत. पण भांड्यांच्या साबणानं तिच्या बोटांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत रेशीम अडकायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हात साबणात घालू नका. सांगायला काय जातं! घरात तीन माणसं, वर पाव्हणेरावळे, भांडी काय हवेत धुवायची?

तर मी आले. शेजारपाजारच्या बायका मला बघायला जिना चढून आल्या. बिल्किसची लेक आमरीन तेव्हा लहान होती. तिनं माझ्या दाराला स्वतःच्या वेणीची लाल रिबीन बांधली. मी मनातल्या मनात इतकी फुगले म्हणून सांगू!

पण या घराला माझी रीत कळायला वेळ लागला. बिल्किस मला आधी पाव्हणीच समजायची. खरकटी ताटं पाव्हणीच्या पुढ्यात कशी ठेवायची, म्हणून ती सगळी भांडी नळाखाली घासून, लख्ख करून मग माझ्या पोटात लावायची. मी धुतलेलंच धुवायची आणि तिचे हात होते तसेच साबणात. अगं बाई, हाडं, सालं आणि शितं डब्यात झटकून टाक, बाकीचं माझ्यावर सोड, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. पण आम्हा मशीनना तोंड कुठलं?

एकदा माझी पावडर संपली, तर कमरोद्दीननी बेसिनजवळचा भांडी घासायचा हिरवा साबण माझ्या डबीत ओतला. साबण तो साबण, असा त्यांचा हिशेब. मित्रांनो, तो साबण फेसासाठीच जन्मलेला! थोड्याच वेळात माझ्या दाराच्या फटीतून फेस बाहेर आला, फरशीवरून सरकत बैठकीत गेला आणि सोफ्यापर्यंत पोहोचला. आमरीन त्यात पाय बुडवून नाचली. अब्बा मात्र चष्मा कपाळावर सरकवून फरशी पुसत बसले.

हळूहळू सगळं बसत गेलं. पावडर कोरड्या चमच्यानं काढायची आणि डबा घट्ट लावायचा, नाहीतर दमटपणानं तिचा दगड होतो. ताटं तोंडं आत करून उभी लावायची, पातेली पालथी. माझ्या फिरत्या हातांच्या आड झारा किंवा उलथनं येऊ द्यायचं नाही. हे शिकल्यावर माझा काय रुबाब वाढला! ईदला नान-खलियाचा, म्हणजे रोटी आणि मटणाच्या रश्शाचा, बेत झाला की ताटांवर तेलाचा पिवळा थर चढायचा, तो मी असा उतरवायची की बिल्किस ताटात स्वतःचा चेहरा बघायची. तिचे हात मऊ झाले. रेशीम बोटांवरून पाण्यासारखं घसरायला लागलं.

मग वैजापूरहून कनीज फुप्पी कायमच्या राहायला आल्या. या कमरोद्दीनच्या थोरल्या बहीण. घरात त्यांच्या शब्दाबाहेर मांजरही जात नाही. त्यांचं माझं पहिल्याच आठवड्यात बिनसलं. त्यांचं ॲल्युमिनियमचं दुधाचं पातेलं कुणीतरी माझ्यात लावलं. आता माझ्या पावडरचं आणि ॲल्युमिनियमचं हाडवैर. पातेलं बाहेर आलं ते काळंठिक्कर. फुप्पींनी ते हातात फिरवून बघितलं आणि जाहीर केलं की ही मशीन नव्हे, ही सवत आहे.

नेमका तेव्हाच माझ्या पट्टीवरचा मिठाचा दिवा लागला. बसवायला आलेल्या माणसानं खड्ड्यात भरलेलं मीठ इतके दिवस पुरलं होतं. ते आता संपलं. कमरोद्दीननी मिठाचा पुडा आणला आणि फुप्पींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मीठ सांडलं तर कयामतीच्या दिवशी पापण्यांनी वेचावं लागतं," त्या म्हणाल्या, "आणि तू पुडाच्या पुडा नालीत सोडायला निघालास? मी जिती हाय तोवर नक्को."

थोरल्या बहिणीपुढं कोण बोलणार? पुडा फळीवर गेला. माझा दिवा जळत राहिला. शेवटी कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली.

आता आमच्या बोअरचं पाणी कसं आहे सांगू? बादलीत रात्रभर ठेवलं तर सकाळी कडेला पांढरी रेघ. मिठाशिवाय ते क्षार मी कसे अडवणार? माझ्या पोटात पांढरा थर चढला, फिरत्या हातांची छिद्रं बुजत चालली, ताटं खरखरीत निघायला लागली. काचेचे ग्लास तर असे दिसायचे जणू आत धुकं भरलंय. एकदा पाव्हण्यांना सरबत दिलं, तर त्यातल्या एका बाईंनी आधी रुमालानं ग्लास पुसला, उजेडात धरला आणि न पिताच खाली ठेवला. दिवसभर लोकांच्या काचा स्वच्छ करणारे कमरोद्दीन मान खाली घालून बसले. त्या दिवसापासून माझी वायर काढली गेली. माझ्या वरच्या कप्प्यात पाव आणि टोस्ट, खालच्यात कांदे-बटाटे. कांद्यांच्या सहवासात दिवस काढणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

पण माझ्यापेक्षा बिल्किसचं वाईट झालं. भांडी पुन्हा तिच्या हाती आली आणि बोटं फाटली. एका लग्नाच्या शालीचा धागा तिच्या बोटाच्या भेगेत अडकून असा ओढला गेला की कापडाला सुरकुती पडली. शालवाले शेठ काही रागावले नाहीत. हात बरे होईपर्यंत काम दुसरीकडे देतो, एवढंच म्हणाले. बिल्किसनं ते हसून सांगितलं आणि मग ओट्याशी पाठमोरी होऊन बराच वेळ एकच वाटी घासत राहिली. मी तिच्या पायाशीच होते. मी पाहिलं.

माझं काय करायचं, तेही ठरलं. पाचोडचे कडुबा टेम्पो घेऊन शहरात यायचे, कमरोद्दीनचे जुने दोस्त. त्यांनी माझं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि खूश झाले. "कमरूभाऊ, कोंबड्यांना लई झ्याक होईल बघा. वरच्या मजल्यावर कोंबड्या, खाली पिल्लं. मांजराची टाप नाय." रविवारी टेम्पो घेऊन येतो, असं सांगून ते गेले.

शनिवारी आमरीन शाळेतून आली ती दप्तर न काढताच माझ्यापुढं फतकल मारून बसली. ती आता दहावीत होती. वर्गात त्या दिवशी काय शिकवलं होतं कुणास ठाऊक, ती स्वतःशीच "दुष्फेन, दुष्फेन" असं पुटपुटत होती. दुष्फेन म्हणजे क्षारांचं पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. तिनं एक धुकट ग्लास घेतला आणि त्याच्या अर्ध्या भागावर लिंबाची फोड घासली. धुऊन उजेडात धरला, तर अर्धा ग्लास धुक्यात आणि अर्धा नवाकोरा!

"अम्मी, काच खराब नाही झाली," ती म्हणाली. "मशीनपण खराब नाही. ही उपाशी आहे."

मग काय विचारता! कांदे बाहेर, टोस्ट बाहेर. तिनं माझी गाळणी काढली, तर त्यातून कांद्याची सालं, कलिंगडाच्या बिया आणि तिची स्वतःची हरवलेली केसांची पिन निघाली. माझे हात उतरवून तिनं एकेक छिद्र टाचणीनं मोकळं केलं. लिंबूसत्त्व घालून मला रिकामंच गरम पाण्यावर चालवलं. इतक्या दिवसांनी पोटात ऊब आली, थर सुटत गेला. मला गाता येत असतं तर मी कव्वालीच म्हटली असती.

पण दिवा तसाच. मिठाचं काय? नुसता थर काढून भागणार नव्हतं, चार दिवसांत पुन्हा चढला असता. आमरीननं फळीवरचा पुडा काढला आणि फुप्पी दारात उभ्या. मी मनात म्हटलं, झालं, निघाले पाचोडला.

आमरीन भांडली नाही. पुडा खाली ठेवून तिनं सरळ विचारलं, "फुप्पी, फुप्पांच्या गोदामात मीठ कशाला लागायचं?"

फुप्पींच्या यजमानांचा वैजापूरला खालींचा, म्हणजे कातड्यांचा, धंदा होता. बकरी ईदनंतर तिथं मिठाची पोती उतरायची.

"खालींना लावायला," फुप्पी म्हणाल्या. "नाहीतर एका दिवसात सडल्या असत्या."

"मग ते मीठ वाया जायचं?"

"वाया कसं जाईल? माल वाचायचा ना त्यानं. नमक लगा तो माल बचा, असं म्हणायचे ते."

"इथं अम्मीचे हात वाचतील."

फुप्पींनी बिल्किसला जवळ बोलावलं. बिल्किस हात ओढणीत लपवत होती. फुप्पींनी ते बाहेर काढले, उलटे केले आणि एका भेगेवरून अंगठा फिरवला. घरात रोज त्याच हातचं जेवायच्या त्या, पण ते हात त्यांनी कधी बघितलेच नव्हते.

"आण तो पुडा," त्या म्हणाल्या. "तू नक्को, तू सांडशील. मी भरते."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. फुप्पींनी माझ्या उघड्या दारावर स्वच्छ दस्तरखान अंथरलं, जेवायला अंथरतात तेच! खड्ड्याच्या तोंडात नरसाळं धरलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि मुठीमुठीनं मीठ सोडलं. पाणी वर आलं ते टिपलं. कडेला दोन दाणे पडले, ते बोटाच्या ओल्या टोकानं उचलून आत टाकले. आमरीन माहितीपुस्तक वाचत होती. ती मधेच थांबली आणि हसायला लागली. त्यात लिहिलं होतं, सांडलेलं मीठ लगेच टिपून घ्या आणि भरल्याबरोबर मशीन चालवा, नाहीतर खाऱ्या पाण्यानं पोटाच्या स्टीलला गंज धरतो. म्हणजे फुप्पींचं आणि पुस्तकाचं म्हणणं एकच निघालं! फुप्पी म्हणाल्या, पुस्तक लिहिणारा चांगल्या घरातला दिसतो.

रविवारी कडुबा दोर घेऊनच आले. आमरीननं त्यांना सरबत दिलं. ग्लास इतका लख्ख की आत लिंबाची एकच बी तरंगत होती, तीही मोजून दाखवता आली असती. कडुबांनी ग्लास रिकामा केला, खिडकीकडं धरला, मग माझ्याकडं बघितलं.

"हिनं धुतला व्हय?" त्यांनी विचारलं. मग दोर गुंडाळत म्हणाले, "नाय भाऊ. हिच्यात कोंबड्या ठेवल्या तर पाप लागंल मला." फुप्पींनी त्यांना रिकाम्या हाती नाही पाठवलं. गच्चीवरची जुनी लाकडी पेटी दिली. तिच्यात त्यांच्या कोंबड्या मजेत आहेत असं कळतं.

बिल्किसची बोटं भरून यायला वेळ लागला. पण एके दिवशी शालवाल्या शेठचा माणूस गठ्ठा घेऊन जिना चढून आला. ती खिडकीशी बसली. पीळ दिला, गाठ मारली, आणि रेशीम कुठंच अडलं नाही. त्या दिवशी तिनं खरकटी ताटं नुसती झटकून माझ्यात लावली आणि माझ्या दारावर हलकेच थाप मारली, मैत्रिणीला मारतात तशी. पाव्हणी होते, आता घरची झाले.

काळं पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं अजून फुप्पींपाशीच आहे. ते माझ्यात येत नाही. त्या स्वतःच्या हातानं घासतात, आणि घासताना माझ्याकडं तिरक्या डोळ्यानं बघतात. असू दे. एवढा राग तर घरच्यांचाच असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यात कांदे भरण्याआधी तिची गाळणी एकदा उघडून बघा. तिला तिची पावडर द्या, तिचं मीठ द्या. आणि तिचा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नका. आम्हाला जीभ नसते, तो दिवा हेच आमचं बोलणं. आमच्या घरी तो लागला की आता आमरीन एवढंच ओरडते, "फुप्पी, भूक लागली हिला!" आणि आतून फुप्पी दस्तरखान झटकत येतात.