भोंग्याचं मौन

डोळे मिटलेले, मांडी घातलेली, पाठ ताठ, आणि त्याच अवस्थेत भोंग्यानं खच्चून आवाज टाकला.

“अरे ए! तुझ्या बापाचा रस्ता आहे का? हॉर्नवर झोपलायस काय?”

खिडकीखालचा टेम्पो निमूट पुढं सरकला. भोंगा परत श्वास बघायला लागला. कोपऱ्यात मशीनवर गाडीचं सीट कव्हर शिवणारी त्याची बायको तोंडावर हात दाबून हसली. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत.

“हसतेयस काय?” भोंग्याचे डोळे अजून मिटलेलेच.

“अहो, तुम्ही श्वास बघताय की मला?”

“दोन्ही.”

ही भोंगा ध्यानाला बसायला लागला तेव्हाची, सुरुवातीची गोष्ट. तेव्हा हसू यायचं.

भोंगा गॅरेजमध्ये डेंटर होता. ठोकलेल्या गाड्यांचा चेमटलेला पत्रा सरळ करायचा. दिवसभर पत्र्यावर हातोडा, त्या दणक्यात बोलायचं तर ओरडायलाच लागतं. पण गॅरेज सुटलं तरी याचा आवाज सुटायचा नाही. घरी येऊन मीठ मागितलं तर शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहायची. बोटात कुसळ गेलं तर चार घरांना कळायचं. नाव भोंगा पडलं ते काय उगाच नाही. वहिनीनं सगळं आयुष्य त्या आवाजाखाली काढलं, पत्र्याच्या छपराखाली पाऊस ऐकत काढावं तसं.

मुलाला मात्र ते जमलं नाही. एका संध्याकाळी जेवताना भोंगा पंख्यावरून चिडला. पंखा करकरत होता, बास, एवढंच. त्यानं ताट भिरकावलं. ताट भिंतीवर आपटलं आणि त्याच भिंतीखाली नातीचा पाळणा होता. पोरीला लागलं नाही. पण सूनबाई उठली, पोरीला उचललं आणि पिशवी भरायला लागली. मुलगा जिन्यात थांबून म्हणाला, “बाबा, तुमचं तोंड बंद होईल त्या दिवशी येईन.”

मग आलाच नाही. फोन आईला करायचा, तोही बाप कामावर असताना.

भोंगा आधी ज्योतिषाकडे गेला. ज्योतिषानं पत्रिका उलटसुलट बघितली आणि सुपारी दाढेखाली सरकवून म्हणाला, “शनी पाचव्या घरात. मुलाच्याच घरात बसलाय. उन्हाळा सरला की उठेल. मुलगा तुमच्या उंबऱ्यात येणार म्हणजे येणार.”

“नक्की?”

“माझं गणित चुकत नाही. तोवर तोंड सांभाळा. आणि हो, शनी जाताजाता अंगाला एक लाथ मारून जातो. काही दुखलंखुपलं तर घाबरायचं नाही. निघाला असं समजायचं.”

तोंड सांभाळायचं कसं, ते काही पत्रिकेत नव्हतं. ते गॅरेजातल्या पेंटरनं सांगितलं. पेंटरची दारू ध्यानकेंद्रात जाऊन सुटली होती. तो भोंग्याला शिबिराला घेऊन गेला. तिथं सगळे दिवस मौन. गल्लीत लोक म्हणाले, दुपारच्या आत हाकलून देतील. पण भोंगा शेवटपर्यंत राहिला.

परत आला तो जरा वाळलेला, आणि आवाज असा की वहिनीला वाटलं घसा बसलाय. तिनं गरम पाणी केलं.

“घसा ठीक आहे गं,” तो हळू म्हणाला. “सगळं अनित्य आहे. येतं आणि जातं. आपण नुसतं बघायचं.”

“भाजीवाला पण येतो आणि जातो. नुसतं बघत बसलं तर रात्री खाणार काय?”

आधीचा भोंगा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. हा हसला. म्हणाला, “पत्रा चेमटला ना, की त्याला मधोमध ठोकायचं नसतं. कडेकडेनं हळूहळू यायचं. त्याला त्याचा मूळ आकार आठवत असतो. सर म्हणतात, माणसाचंही तसंच. म्हणजे पत्र्याचं मी म्हणतोय, माणसाचं सर.”

सर म्हणजे केंद्रातले शिकवणारे. निवृत्त माणूस, गोड बोलायचे. त्यांनी सांगितलं होतं की बैठकीत एकदा संकल्प केला की तासभर हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. दुखलं तर दुखू द्यायचं. आत साठलेला राग निघताना अंग दुखतं. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला धरूनही ठेवायचं नाही.

भोंग्याला हे पटलं. हातानं काम करणाऱ्याला एकदा पद्धत पटली की तो ती सोडत नाही. कामावर जायच्या आधी बसायचा, आल्यावर बसायचा. सुरुवातीला बैठकीतूनच एखाद्या हॉर्नवर ओरडायचा, मग तेही थांबलं. वहिनीनं मशीन दुसऱ्या खोलीत नेलं. तो बसला की ती अनवाणी चालायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही.

एकदा उठल्यावर तो डावा खांदा चोळत म्हणाला, “आज छातीत मस्त कळ आली.”

“मस्त?”

“अगं, राग निघतोय. इतक्या वर्षांचा माल आहे, सुखासुखी निघेल का? शनीची लाथ पण हीच असणार. दोघांचं एकच म्हणणं आहे बघ.”

वहिनीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ज्योतिषी आणि सर एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते, आणि तरी दोघांचं बोलणं जुळत होतं. त्यानंतर कळ पुन्हा पुन्हा यायला लागली, आणि आली की तो तिला सांगायचा, शाळेतला पोरगा मार्क सांगतो तसा.

मग तिनं धीर केला. मुलाला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

“कसा आहेस?” भोंगा म्हणाला. “छकुली चालायला लागली का?”

पलीकडून मुलगा म्हणाला, “कोण बोलतंय? आईला द्या जरा.”

वहिनी फोनवर हसता हसता रडली. रविवारी जेवायला यायचं ठरलं. आधी मुलगा एकटाच येणार, सगळं ठीक वाटलं तर पुढच्या वेळी पोरीला आणणार.

रविवारी भोंग्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. सकाळपासून जरा गप्पच होता. चहा अर्धा ठेवला.

“बरं वाटत नाही का हो?”

“छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालंय. भीती वाटतेय गं. तो आल्यावर काही तोंडातून गेलं तर?” मग म्हणाला, “संकल्प करून बसतो. बसूनच शांत होईल. तो आला तर बसव बाहेर. मधे उठवू नकोस. बघू दे त्याला.”

तिनं दार लोटून घेतलं. शिट्टी व्हायच्या आत कुकरखालचा गॅस बंद केला.

मुलगा लवकरच आला. बेल वाजवायच्या आत तिनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तो चपला हातात घेऊन आत आला. दाराच्या फटीतून बघितलं. बापाची पाठ ताठ, मान सरळ. घरात फक्त घड्याळाचा आवाज.

“आई, हे खरंच बाबा आहेत ना?”

“हळू. तासाच्या बैठकीला बसलेत.”

“घाम केवढा आलाय. शर्ट पार भिजलाय.”

“येतो तसा. राग निघतो म्हणे आतला.”

“सगळा निघाला तर पूर येईल गल्लीत.”

दोघं तोंड दाबून हसले. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. या घरात कुजबुजून हसायची कधी पाळीच आली नव्हती. मुलगा छकुलीचे फोटो दाखवत राहिला. मधे एकदा वहिनीनं फटीतून पाहिलं. भोंग्याच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावरच्या कापडात रुतली होती आणि जबडा आवळलेला होता. तिच्या मनात आलं, पोरासाठी किती झटतोय हा माणूस. तिनं दार आणखी जरा लोटलं, बाहेरचा आवाज त्याला नको म्हणून.

तास भरला. मोबाइलचा गजर वाजला आणि वाजतच राहिला.

“बाबा, झालं की,” मुलगा दारातून म्हणाला. “मी आलोय.”

मान खाली गेली होती. पाठ तेवढी भिंतीला टेकून ताठ राहिली होती.

“बाबा.”

मग तो पोरगा, ज्याला ओरडण्याचा एवढा तिटकारा होता, तो असा ओरडला की गल्लीतली सगळी दारं उघडली.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. ज्योतिषी आला. मुलाकडे बघून वहिनीला हळूच म्हणाला, “उंबऱ्यात येईल म्हटलं होतं. आला ना?” पेंटरनं त्याच्या दंडाला धरून त्याला खाली नेऊन सोडलं. जिन्यात काय झालं ते कुणी विचारलं नाही.

केंद्रातली माणसं आली, सर आले. एक बाई म्हणाल्या, “बसल्याबसल्या गेले. असं मरण भाग्यवंताला येतं हो.” बाकीच्यांनी माना हलवल्या. सर नुसते वहिनीकडे बघत होते. मग जवळ येऊन त्यांनी विचारलं, “छातीत दुखतंय असं कधी म्हणाले होते?”

“म्हणायचे ना.”

“मला नाही बोलले कधी.”

“मला बोलायचे. राग निघतोय म्हणायचे. तुम्हीच शिकवलेलं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं, “दोन मिनिटं मौन पाळू या.”

सगळे उभे राहिले. माना खाली, हात पुढं जोडलेले. गॅरेजवालेसुद्धा, ज्यांना गप्प राहणं माहीत नाही. घर अगदी चिडीचूप झालं.

वहिनी उभी राहिली होती. मग ती माणसांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर मिक्सर होता. भांडं रिकामंच होतं. तिनं झाकण लावलं, वरून हात दाबला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

रिकाम्या भांड्यात पाती घरघरायला लागली. आवाज भिंतींवर आदळत बाहेरच्या खोलीत गेला, तिथून जिन्यात, जिन्यातून गल्लीत. कुणीतरी डोळे उघडले. ती बाई “अगं बाई” म्हणाली असेल, पण ऐकू आलं नाही.

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आईच्या पाठीकडे बघत. मिक्सर तापल्याचा वास यायला लागला, तरी त्यानं बंद कर म्हटलं नाही.