मथुरेच्या घराची मेढ

मुलांनो, वाळूची एक लांब पट्टी मनाशी आणा. इतकी अरुंद, की मधोमध उभं राहिलं तर एका कानानं समुद्र ऐकू यावा आणि दुसऱ्या कानानं खाडी. पट्टीवर माड आहेत, माडांखाली घरं आहेत. आता त्यातली घरं काढून टाका. माड राहू द्या, पण निम्मे आडवे पाडा. त्यांतल्या एका आडव्या माडावर दहा वर्षांची मुलगी बसली आहे. तिच्या पायांशी चुडत्यांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, रास आहे आणि ती एकेक पात उचलून छपरावर घालायचे झाप विणते आहे. वर बघत नाही. हात आपले चालले आहेत.

दिसली? ती शेवंती. गाव देवबाग. साल एकसष्टच्या आसपासचं, दिवाळी होऊन गेलेली आणि तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं.

तुम्हाला वाटेल ती रडत असेल. ती रडत नव्हती. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, मग आपण त्याला चिमटा काढून बघतो, तशी शेवंती अधूनमधून स्वतःला बघायची. वादळ म्हणायची मनात. घर म्हणायची. बाबा म्हणायची. काही लागायचं नाही.

वादळाला दहा दिवस झाले होते. तिचे वडील, बाबली, त्या पहाटे आणखी तिघांबरोबर होडी घेऊन गेले होते. चौथ्या दिवशी अर्धी होडी निवतीच्या बाजूला लागली. दोघांची प्रेतं मिळाली, एकजण पोहत किनाऱ्याला लागला होता. बाबलीचं काहीच मिळालं नाही. पोहून आलेला माणूस म्हणे, बाबलीला फळी धरून असलेला शेवटचा पाहिला. त्या एवढ्या वाक्यावर शेवंतीची आई मथुरा दिवस काढत होती. सकाळी कपाळाला कुंकू लावायची, किनाऱ्यावर जाऊन बसायची, ऊन डोक्यावर आलं की परत यायची. कुणी जेव म्हटलं की जेवायची.

परत यायची म्हणजे शाळेत. घरं गेलेली सहा कुटुंबं शाळेच्या एका खोलीत राहत होती. गुरुजींनी मान खाली घालून सांगितलं होतं, तुळशीचं लग्न झालं की सोमवारी शाळा भरवावी लागेल. त्यांचाही काही इलाज नव्हता.

बुधवारी मालवणहून इगर्जीची माणसं आली. इगर्ज म्हणजे आमच्याकडे चर्च. वीस-बावीस जण होते, त्यांतले सगळेच ख्रिस्ती नव्हते. एक शिंपी होता, दोन कॉलेजातले मुलगे होते, एक भटजींचा भाचासुद्धा होता. पुढे पाद्री, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून वाळू तुडवत. किंजळीच्या लाकडाचे खांब, बांबू आणि काथ्याच्या दोरीची भेंडोळी खाडीतून होडीनं आली. पाद्रींनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं: आज धरून तीन दिवस काम, दिवसाला दोन घरं होतील. शनिवारी संध्याकाळी निघावं लागेल, कारण खाडीपलीकडची वाडी वाट बघते आहे. जे लाकूड इथे लागणार नाही ते तिकडे जाईल.

पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या टोपात पेज शिजवली. शेजारची जानकीकाकी हातात वाडगा घेऊन टोपापाशी उभीच राहिली. घ्यावी की न घ्यावी. ढवळणारा माणूस म्हणाला, "घे गो काकी. पेजेक खंयची जात? मीठ कमी आसा काय तेवढा सांग."

जानकीकाकीनं चाखली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग दोन वाडगे प्याली.

तो ढवळणारा म्हणजे बस्त्यांव मेस्त, मालवणचा सुतार. शेवंतीला झाप विणायच्या कामाला त्यानंच लावलं. पोर दिवसभर भिंतीकडे बघत बसते हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो तिला कधीच कसं वाटतंय असं विचारत नसे. तिनं बांधलेल्या काथ्याच्या गाठी तपासायचा आणि म्हणायचा, "अगो, ही गाठ म्हशीक बांधतत. वाशाक बांधूची ती अशी." आणि सोडून पुन्हा बांधून दाखवायचा. शेवंतीची गाठ तिसऱ्या दिवशी बरी यायला लागली. तिला त्याचंही काही वाटलं नाही, पण हात शिकत होते.

मथुरेच्या घराची पाळी शुक्रवारी होती.

सकाळी मथुरा किनाऱ्यावर गेलेली. जानकीकाकी खाडीवर धुणं घेऊन गेलेली. बस्त्यांव आणि चौघे जण जुन्या जोत्यावर आले, दोरी धरून मापं घेतली. पाद्रींनी उभ्या उभ्या छोटी प्रार्थना म्हटली आणि पहारी चालू झाल्या. घराच्या दाराशेजारचा उजवा खांब, त्याला मेढ म्हणतात. सगळ्या घराचा भार आधी तिच्यावर. म्हणून त्यांनी ती सगळ्यांत आधी उभी केली, माती लोटली, धुम्मसानं ठोकून घट्ट केली. मग उरलेले तीन खांब.

शेवंती वीस पावलांवर विणत होती. ती बघत होती. चार वर्षांपूर्वी हीच मेढ बाबांनी लावली होती हे तिला आठवत होतं. खड्ड्यात मूठभर तांदूळ टाकून, पहिली ओंजळ माती त्यांनी घातली होती आणि तोवर कुणाला हात लावू दिला नव्हता. देवबागेत मेढ घरधन्याच्याच हातची असते. आपण उठून सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण ते सांगणं फार लांब होतं, जणू खाडीपलीकडे. ती उठली नाही. पातीवर पात घालत राहिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मथुरा परत आली. चार खांब बघून ती थांबली. खोदून काढलेल्या मातीचा ढीग मेढीशेजारी होता, त्याच्या कडेला ती बसली. पाठोपाठ धुण्याचं बोचकं घेऊन जानकीकाकी आली आणि तिथेच तिनं कपाळावर हात मारला.

"ह्या काय केलंस रे बस्त्यांवा? घरधनी जितो आसताना मेढीक दुसऱ्याचो हात लागत नाय. लागता तो गेलेल्याच्या घरात."

बस्त्यांवनं डोक्याची टोपी काढली. त्यांच्यात पाद्री प्रार्थना म्हणतात आणि ज्याच्या हातात पहार असेल तो खणतो, याहून जास्त काही नसतं. त्याला हे माहीत नव्हतं, आणि विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. तसं त्यानं सांगितलं. मग तो मथुरेसमोर वाळूत बसला. "वयनी, चुकलंय. काय करू ता सांगा."

मथुरा समुद्राच्या बाजूला बघत होती. ती रागावली नव्हती. कुणी वेळ विचारली तर सांगावी तशा आवाजात म्हणाली, "मेढ दुसऱ्यान लावली, मगे तो परत खंय येतलो?"

बस्त्यांवनं मुकाट्यानं पहार घेतली, मेढीच्या बुडाची माती मोकळी केली आणि खांब उपटून वाळूवर आडवा ठेवला. खड्डा तसाच राहिला. पाद्रींनी हळू आवाजात मथुरेला सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत आम्ही थांबू, तुम्ही म्हणाल त्याच्या हातून लावू. तुम्ही स्वतः लावलीत तरी चालेल. मथुरेनं मान हलवली. बायकोनं मेढ लावायची ती नवरा गेल्यावर. हे तिनं सांगितलं नाही, जानकीकाकीनं सांगितलं.

शनिवार उजाडला. इतर पाच घरांवर झाप चढले होते, दोन घरांतून धूर येत होता. मथुरेच्या जोत्यावर तीन खांब आणि एक खड्डा. शाळेतली कुटुंबं आपापली गाठोडी उचलून निघाली. खोली रिकामी झाल्यावर तिथे फक्त शेवंतीची चटई आणि तिच्या आईची चटई उरली. शेवंतीनं दोन्ही गुंडाळल्या. कुठे न्यायच्या ते तिला माहीत नव्हतं. ती त्या घेऊन जोत्यापाशी आली. आई कालच्याच जागी, मातीच्या ढिगाच्या कडेला बसली होती.

दुपार झाली. पाद्री दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी बस्त्यांवला बाजूला घेऊन सांगितलं, की भरती आहे तोवर होडी भरायला हवी. पलीकडच्या वाडीत तान्ही मुलं उघड्यावर आहेत. बस्त्यांव म्हणाला, आणखी थोडा वेळ. पाद्री म्हणाले, बस्त्यांव, लाकूड आपलं नाही. ते खरंच होतं.

दोन माणसं आली. त्यांनी वाळूवर पडलेली मेढ दोन टोकांना धरून उचलली आणि खाडीकडे वळली.

शेवंतीनं चटया खाली ठेवल्या. ती चालत गेली आणि खड्ड्यात उतरली. खड्डा तिच्या मांडीपर्यंत आला. आत ओल होती, आणि ती तिच्या पायांना लागली. थंड.

माणसं थांबली.

"काय करतंस गो?" बस्त्यांवनं विचारलं.

ती त्याच्याशी बोलली नाही. आईकडे बघून म्हणाली, "आये, दुसऱ्याचो हात नको मां? माझो हात दुसऱ्याचो नाय."

मथुरेनं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"बाबा येतलो तेव्हा त्येका सांगतलंय, तुझ्या वतीन मी लावलंय. रागावलो तर माका रागावतलो."

जानकीकाकी पुटपुटली, "चेडवाच्या हातची मेढ. असा कधी झाला नाय."

"वादळ तरी असा कधी झाला होता?" बस्त्यांव म्हणाला. पण हळूच म्हणाला, आणि त्याचंही लक्ष मथुरेकडेच होतं. खांब धरलेली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. हो म्हणेल, नाही म्हणेल, सगळे वाट बघत होते.

मथुरेनं हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. तिनं एकदा समुद्राकडे बघितलं. मग तिनं मातीच्या ढिगावरचे आपले पाय उचलले, जवळ ओढून घेतले आणि थोडी बाजूला सरकून बसली. ढीग मोकळा झाला.

एवढंच. पण शेवंतीला ते कळलं.

ती खड्ड्यातून वर आली. तिनं खुणेनं माणसांना बोलावलं. त्यांनी खांब खड्ड्याच्या तोंडाशी आणून उभा धरला. भार बस्त्यांवनं आपल्या खांद्यावर घेतला, पण हात बुडापासून लांब ठेवला. शेवंतीनं दोन्ही तळवे खांबाला लावले आणि ढकललं. मेढ आत सरकली आणि तळाला बसली. तिच्या तळव्यांना किंजळीची खरबरीत साल लागली, आणि एक बारीक कुसळ बोटात घुसलं. ते दुखलं.

तांदूळ कुणाकडेच नव्हते. शेवंती ढिगापाशी वाकली, आईच्या पायांशेजारी. तिनं ओंजळ भरून माती उचलली, मेढीच्या बुडाशी टाकली, आणि टाचेनं दाबायला लागली.