रिकाम्या गाडीतला बाक

व्हर्सी पेटवेने भर चर्चमध्ये उभं राहून ठणकावलं होतं, "जो कुणी बसमध्ये चढेल, त्याने माझ्या दारात पाऊल टाकू नये." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अमेरिकेतल्या मॉंटगोमेरीत बसचे पुढचे बाक गोऱ्यांचे; काळ्यांनी पुढे पैसे भरून मागच्या दाराने चढायचं आणि मागेच बसायचं. म्हणून तिथले सगळे काळे लोक हिवाळ्यापासून बसवर बहिष्कार टाकून पायी चालत होते, आणि व्हर्सीची जीभ त्यांच्याही पुढे चालत होती.

त्या सकाळी मात्र तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. लोकांना कामावर सोडणारी चर्चची मोटार भरून निघून गेली. पुन्हा उशीर केलास तर दुसरी बाई बघीन, असं गोऱ्या मालकिणीने कालच बजावलं होतं. तेवढ्यात बस आपणहून तिच्यापुढे येऊन थांबली. आत चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हर तोच. एकदा पुढच्या दारात तिचे पैसे घेऊन, ती मागच्या दाराशी पोचायच्या आत त्याने गाडी दामटली होती.

"चढ ग मावशे." आज त्याच्या जिभेवर साखर होती.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चढली. नाणं पेटीत टाकलं आणि सवयीने उतरून मागच्या दाराकडे निघाली.

"अगं, इथूनच ये. कुठंही बस. बघायला आहे कोण?" तो हसला.

ती खाली मानेने आत जाऊन बसली. गाडी सुटल्यावर मान वर केली, तर समोर नुसते रिकामे बाक. ती अगदी शेवटच्या बाकावर बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपले आपणच तिथे गेले होते. तिला स्वतःची किळस आली.

खिडकीबाहेर शेजारची ओला काठी टेकत चालली होती. सत्तरी उलटलेली बाई. व्हर्सी चटकन खाली वाकली. पण मग तिला बसवेना. पुढच्या थांब्यावर ती उतरली आणि ओलाची वाट बघत उभी राहिली. गुडघ्याचं, मालकिणीचं, सगळं सांगायला तयार होतं.

ओला आली. "पाहिलं मी तुला."

"ओलाताई, माझा गुडघा..."

"राहू दे. मलाही दोन आहेत." ओलाने तिचा हात आपल्या हातात अडकवून घेतला. दोघी चालू लागल्या. चालता चालता ओला म्हणाली, "पण पोरी, सगळी गाडी रिकामी होती. बसायचंच होतं, तर पुढं का नाही ग बसलीस?"

मालकिणीचं घर येईपर्यंत व्हर्सीला मान वर करवली नाही.